सी, ए, टी म्हणजे कॅट कसं?

'सी, ए, टी, कॅट.' पिढ्यानपिढ्या हे असंच घोकून घेतलं जातं आणि कुणाला त्यात काही खटकत नाही. पण इंग्रजी अजिबात वाचता न येणाऱ्या माणसाच्या जागी बसून हे ऐकून पाहा. 'सी', 'ए' आणि 'टी' हे तीन उच्चार कितीही भरभर म्हटले तरी त्यातून 'सीएटी' निघेल, 'कॅट' निघणार नाही. ज्याला आधीपासून वाचता येतं त्यालाच तिथे कॅट दिसते. शिकणाऱ्याला एवढंच कळतं, की इथे काहीतरी जादू आहे, ती बाकी सगळ्यांना जमते आणि आपल्याला जमत नाही.

इंग्रजी वाचता न येणाऱ्यांना कुणी फावल्या वेळात, पैसे न घेता शिकवावं का आणि त्यातून खरंच काही निष्पन्न होतं का, हा प्रश्न निघाला की बोलणं लगेच समाजाच्या ऋणाकडे वळतं. ते राहू दे. माझं म्हणणं त्याहून कोरडं आहे. शिक्षणातलं एकच काम स्वयंसेवकांवर सोपवायचं झालं तर ते वाचन शिकवण्याचं असावं, कारण या कामाला सर्वांत जास्त गरज असते ती समोर बसून एकेक शब्द ऐकणाऱ्या माणसाची. याच्या जोडीला दुसरं, जरा कमी रुचणारं म्हणणं: स्वतःला उत्तम इंग्रजी येतं एवढ्या भांडवलावर हे काम होत नाही. बऱ्याचदा तेच आडवं येतं.

आधी ऐकण्याचा हिशेब. ४० मुलांचा वर्ग आणि ४० मिनिटांचा तास धरा. हजेरी, फळा, दंगा यातलं काहीच नाही असं मानलं तरी एका मुलाच्या वाट्याला मोठ्याने वाचायला १ मिनिट येतं. आठवड्याचे ६ तास धरले तर ६ मिनिटं. प्रत्यक्षात तीही येत नाहीत. पुढच्या बाकावरची पाच-सहा मुलं वाचतात आणि बाकीची ओठ हलवतात. सुरात सूर मिसळणारं मूल वाचतंय की ऐकलेलं म्हणतंय, हे शिक्षकाला कळायला मार्ग नसतो. धडा पाठ झालेला असला की पुस्तक उलटं धरलं तरी 'वाचन' चालूच राहतं. एक स्वयंसेवक एका मुलाजवळ आठवड्यातून दोनदा वीस-वीस मिनिटं बसला तर ४० मिनिटं झाली, आणि ती सगळी त्या एका मुलाच्या चुकांवर खर्च झाली. शिक्षक कितीही चांगला असो, हा भागाकार त्याला बदलता येत नाही. प्रौढांच्या बाबतीत तर वर्गाचाही प्रश्न नाही. शाळेचं दार त्यांच्यासाठी केव्हाच बंद झालेलं असतं.

आता ते कमी रुचणारं म्हणणं. देवनागरी वाचायला शिकणं आणि इंग्रजी वाचायला शिकणं ही एकाच नावाची दोन वेगळी कामं आहेत. मराठीत 'क' दिसला की 'क' म्हणायचं. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार होतात, एवढीच काय ती खोच. इंग्रजीत अक्षरं २६, ध्वनी सुमारे ४४ आणि ते लिहिण्याच्या तऱ्हा शेकड्यांनी. १४७६ मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना आणला आणि स्पेलिंगं हळूहळू गोठू लागली. नेमक्या त्याच सुमारास, साधारण १४०० ते १७०० या काळात, लोकांच्या तोंडचे दीर्घ स्वर मात्र सरकत होते. त्यामुळे कागदावरचा शब्द एका शतकातला राहिला आणि उच्चार दुसऱ्या शतकातला झाला. सरदार या अर्थाच्या 'नाइट'मधले के आणि जीएच एके काळी उच्चारले जात. त्यात पंडितांनी भर घातली: कर्ज या अर्थाच्या 'डेट'मधला बी हा लॅटिन मुळाची आठवण म्हणून मागाहून घुसवलेला आहे. २००३ साली सीमोर, आरो आणि अर्स्किन या संशोधकांनी युरोपातल्या डझनभर भाषांमधली मुलं शाळेच्या पहिल्या वर्षाअखेर किती वाचू शकतात याची तुलना प्रसिद्ध केली. बहुतेक भाषांतली मुलं ओळखीचे साधे शब्द ९० टक्क्यांहून अधिक अचूक वाचत होती. इंग्रजीतली मुलं सुमारे ३४ टक्के. त्यांच्या शाळेची भाषा इंग्रजी, आजूबाजूची भाषा इंग्रजी, आणि तरी ही गत.

हे सगळं अस्खलित वाचणाऱ्याला आठवत नाही. त्याला शब्द दिसतो आणि कळतो. मधलं काम इतकं जलद होतं की ते काम आहे हेच तो विसरलेला असतो. म्हणून तो शिकवायला बसला की स्पेलिंग पाठ करून घेतो, नाहीतर स्वतः वाचून दाखवतो आणि 'आता तू म्हण' म्हणतो.

'एकाने एकाला शिकवावं' ही घोषणा फ्रँक लॉबाक या अमेरिकन मिशनऱ्याच्या नावाशी जोडली गेली आहे. फिलिपिन्समधल्या लानाव भागात मरनाव लोकांमध्ये १९३० पासून त्यांनी साक्षरतेचं काम केलं. मंदीत पैसा आटला, शिक्षकांना पगार देणं अशक्य झालं, तेव्हा शिकलेल्याने पुढच्याला शिकवायचं असं ठरलं आणि ते जमलंही. घोषणा देताना एक गोष्ट मात्र सांगायची राहून जाते: मरनावसाठी वापरलेलं लेखन उच्चाराबरहुकूम होतं. काल शिकलेला माणूस आज शिकवू शकत होता. इंग्रजीत तसं होत नाही. अमेरिकेतल्या सिरॅक्यूज शहरात रूथ कोल्विन यांनी १९६२ मध्ये काम सुरू केलं, तेव्हा शिकवायला तयार माणसं मिळाली, पण वाचन शिकवतात कसं हे त्यांना माहीत नव्हतं. कोल्विन यांनी विद्यापीठातल्या वाचनतज्ज्ञांची मदत घेतली आणि स्वयंसेवकांचं प्रशिक्षण हाच त्यांच्या संस्थेचा कणा झाला. लॉबाक आणि कोल्विन यांच्या संस्था २००२ मध्ये एकत्र आल्या. घोषणा लॉबाक यांची घ्यावी, पण इंग्रजीसाठी रीत कोल्विन यांची घ्यावी.

मग स्वयंसेवकाला यायला काय हवं? सर्वांत आधी, अक्षराचं नाव बाजूला ठेवून त्याचा ध्वनी म्हणता यायला हवा, आणि तोही शेपूट न लावता. 'बी' चालत नाही आणि 'ब'ही चालत नाही, 'ब्' हवा. 'ब', 'ॲ', 'ट' असं अकारासकट म्हटलं की जोडताना 'बअ-ॲ-टअ' असं काहीतरी तयार होतं आणि शिकणारा अडतो. 'ब्', 'ॲ', 'ट्' म्हटलं की 'बॅट' आपोआप जुळते. इथे मराठी वाचणाऱ्याकडे एक हत्यार आधीपासून असतं आणि फार थोड्या शिकवणाऱ्यांच्या ते लक्षात येतं. पाय मोडलेला म् आणि पूर्ण म यातला फरक त्याला समजावून द्यावा लागत नाही. बाराखडी गिरवलेल्या माणसाला व्यंजन वेगळं आणि स्वर वेगळा हे ठाऊक असतं. इंग्रजी घरात वाढलेल्या मुलाला शब्दातले ध्वनी सुटे करायला शिकवण्यात आठवडे जातात. शिवाय मराठीने ॲ आणि ऑ पदरी ठेवले आहेत, तेव्हा 'पेन' आणि 'पॅन', 'कॉट' आणि 'कोट' हे भेद कानाच्या आणि डोळ्याच्याही ओळखीचे.

अक्षरं एबीसीच्या क्रमाने शिकवू नयेत. ए, बी, सी, डी शिकून हाती येतात 'कॅब', 'बॅड', 'डॅड' असे मोजके शब्द, आणि बी-डी ही आरशातली जुळी भावंडं पहिल्याच आठवड्यात समोर उभी राहतात. (छोट्या लिपीतली, अर्थात. मोठ्या लिपीत त्यांचा गोंधळ होत नाही.) इंग्लंडच्या शिक्षण खात्याने २००७ मध्ये शाळांना दिलेल्या आराखड्यात क्रम एस, ए, टी, पी, आय, एन असा सुरू होतो. या सहा अक्षरांतून सॅट, सिट, टॅप, टिप, पिन, पॅन, टिन, नॅप, स्नॅप, स्पिन, पँट असे २५ तरी शब्द सहज बनतात. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीला माणूस खरे शब्द वाचतो. प्रौढ शिकणाऱ्याच्या दृष्टीने याची किंमत मोठी आहे. महिनाभर नुसती अक्षरं गिरवत बसायची वेळ आली की तो येणं थांबवतो.

ही सहा अक्षरं पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर एकेक लिहून टेबलावर मांडा. 'टिप' लावायला सांगा. आता एकच तुकडा बदलून 'टॅप' करायला सांगा. मग 'टॅप'चं 'नॅप', 'नॅप'चं 'निप', 'निप'चं 'पिप' करण्याआधी दुसरा पी लिहून ठेवायला विसरू नका. दर वेळी एकच ध्वनी बदलायचा आणि कुठला बदलला ते सांगायचं नाही. हात कुठल्या तुकड्याकडे जातो यावरून कानाला काय ऐकू येतंय ते स्वच्छ कळतं. पहिला ध्वनी बहुतेकांना सापडतो, शेवटचाही सापडतो. मधला स्वर निसटतो. 'टिप'चं 'टॅप' करताना पहिल्या टीशीच खेळत बसणारा माणूस दिसला की पुढची अक्षरं थांबवायची आणि दोन बैठका फक्त मधल्या स्वरावर घालवायच्या. घाई केली तर हे भोक पुढे मोठं होतं.

सुट्या अक्षरांनंतर एसएच, सीएच, टीएच, एनजी, सीके. मग ईई, एआय, ओए, ओओ, एआर, ओआर, ओयू. आणि मग शब्दाच्या शेवटचा मुका ई. अक्षर आणि ध्वनी यांच्या अशा ६०-७० जोडण्या पक्क्या झाल्या की साध्या मजकुरातले बहुतेक शब्द फोडता येतात. एका बैठकीला दोन नव्या जोडण्या पुरेत. शिकणाऱ्याचा उत्साह पाहून तिसरी देण्याचा मोह होतो. ती दिलीत तर पुढच्या वेळी तिन्ही गेलेल्या असतात.

मुक्या ई-पाशी एक गंमत होते. फोनवर रोमन अक्षरांत मराठी लिहायची सवय आता अनेकांना असते. तिथे ए म्हणजे 'अ' किंवा 'आ', आय म्हणजे 'इ', ई म्हणजे 'ए'. हीच सवय घेऊन माणूस इंग्रजीकडे येतो आणि 'नेम' हा शब्द 'नामे' वाचतो, 'मेक'चं 'माके' होतं, 'टाइम'चं 'टिमे'. यात हसण्यासारखं काही नाही. त्याने एक नियम शिकला आणि तो इमानाने लावला. त्याला नुसतं 'चूक' म्हणून उपयोग नाही, दुसरा नियम दाखवावा लागतो. 'मॅड'शेजारी 'मेड', 'किट'शेजारी 'काइट', 'हॉप'शेजारी 'होप' असं लिहावं आणि विचारावं, कागदावर काय वाढलं? वाढलेला असतो फक्त शेवटचा ई. तो स्वतः गप्प बसतो आणि आधीच्या स्वराला त्या स्वराचंच नाव घ्यायला लावतो. अशा दहाबारा जोड्या वाचल्या की 'नामे' जातं. मग 'हॅव', 'गिव', 'कम' आडवे येतात. ते अपवाद आहेत असं सांगून टाकावं. त्यांच्यासाठी नवा नियम रचत बसू नये.

सगळ्यांत मोठं नुकसान मात्र मदतीच्या रूपाने होतं. इंग्रजी ओळीखाली देवनागरीत उच्चार लिहून देणं ही ती मदत. डोळा नेहमी सोपी वाट धरतो. पान धडाधड वाचून होतं, दोघेही खूश होतात, आणि देवनागरी ओळ हाताने झाकली की सगळं ठप्प. त्या पानभर शिकणाऱ्याने मराठी वाचलेलं असतं. देवनागरीचा उपयोग ध्वनी समजावताना करावा, सुट्या शब्दापुरता. मजकुराखाली कधीच नको. लिहून हवंच असेल तर त्याने वहीच्या शेवटच्या पानावर लिहावं. पान उलटण्याचे कष्ट पडले तरी पुष्कळ.

एका तासाची बैठक साधारण अशी बसते. पहिली १० मिनिटं मागच्या वेळचा उतारा पुन्हा वाचणं, पुढची १० जुन्या आणि नव्या जोडण्या, १० मिनिटं तुकडे मांडून शब्द, १० मिनिटं श्रुतलेखन आणि उरलेली २० नवा उतारा. श्रुतलेखनाला कात्री लावायची इच्छा सगळ्यांनाच होते, कारण 'आपल्याला वाचायचंय, लिहायचं कुठे आहे'. पण वाचताना अंदाजाने निभावतं. लिहिताना प्रत्येक ध्वनीला अक्षर शोधावंच लागतं. ६ शब्द आणि एक छोटं वाक्य पुरेसं होतं.

उतारा वाचताना शिकणारा अडला की काय करायचं, यावर शिकवणाऱ्याची खरी परीक्षा होते. 'थांबा, खूण द्या, शाबासकी द्या' अशी एक पद्धत न्यूझीलंडमध्ये तयार झाली. तिचं मर्म पहिल्या शब्दात आहे. साधारण ५ सेकंद थांबायचं. घड्याळात ५ सेकंद म्हणजे काही नाही. समोरासमोर बसून, शब्द आपल्या जिभेवर असताना ते संपता संपत नाहीत. दुसऱ्याच सेकंदाला शब्द तोंडातून निसटतो. तो सांगितला, की शिकणाऱ्याने त्या शब्दावरचं काम सोडलेलं असतं. असं काही बैठकांत होत राहिलं की एक लक्षण दिसू लागतं: अडलेला माणूस पानाकडे पाहायचं सोडून शिकवणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. ते दिसलं की ओळखावं, आपण फार बोलतोय.

खूण म्हणजे चुकलेल्या भागावर बोट ठेवणं. 'शिप'चं 'सिप' झालं तर एसएचवर बोट, बाकी शब्दावर नाही. 'हाउस' लिहिलेलं असताना 'होम' वाचलं तर अर्थ जुळतो म्हणून सोडून देऊ नये. पहिलं अक्षर आणि शेजारचं चित्र पाहून उरलेलं ठोकून देण्याची ही सवय सुरुवातीला फार हुशारीची वाटते आणि चित्रं संपली की उघडी पडते. अंदाजाने वाचणारा ओळखायचा एक खात्रीचा उपाय आहे: कुठल्याच कोशात नसलेले शब्द वाचायला देणं. इंग्लंडच्या शाळांत २०१२ पासून लहान मुलांची ४० शब्दांची वाचन-तपासणी होते. त्यातले २० शब्द मुद्दाम बनवलेले, निरर्थक असतात. 'टॉब' किंवा 'विप' हे आठवून वाचता येत नाहीत, फोडूनच वाचावे लागतात.

नियमात न बसणारे शब्द थोडे असले तरी तेच सारखे भेटतात: 'द', 'ऑव्ह', 'वॉज', 'सेड', 'वन', 'यू'. एडवर्ड डॉल्च यांची १९३६ ची २२० शब्दांची यादी यासाठी आजही वापरली जाते. ती यादी चित्रासारखी पाठ करून घेण्याच्या मी विरुद्ध आहे, कारण तिच्यातले पुष्कळ शब्द सरळ फोडता येतात आणि जे येत नाहीत त्यांचाही एखादाच भाग वाकडा असतो. 'सेड'मधले एस आणि डी शहाण्यासारखे वागतात. खोड फक्त मधल्या एआयची आहे. तेवढंच लक्षात ठेवायला सांगावं.

पण फोडून उच्चारलेला शब्द म्हणजे वाचलेला शब्द नव्हे. गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेलं सूत्र या बाबतीत चोख आहे: वाचन म्हणजे अक्षरं फोडण्याची क्षमता गुणिले भाषेची समज. बेरीज नाही, गुणाकार. दोहोंतलं एक शून्य असलं की उत्तर शून्य. म्हणून माणसाच्या कानावरून कधीच न गेलेले शब्द सुरुवातीला त्याच्यापुढे ठेवण्यात अर्थ नाही. मराठी माणसाच्या बाबतीत ही अडचण दिसते तेवढी मोठी नसते. बस, स्टॉप, बँक, फॉर्म, पेन, तिकीट, डॉक्टर, बिल, लाइट, पेपर, गॅस, बॅटरी असे शेकडो शब्द तो दिवसभर बोलतो. ते इंग्रजी आहेत हे त्याच्या लक्षातही नसतं. पहिली शंभर पानं या शब्दांवर निघू शकतात. बोलताना उच्चार थोडा घसरलेला असतो, पण शब्द फोडून जवळपास पोचला की माणूस उरलेलं अंतर स्वतः तोडतो. 'टि-केट... अरे, तिकीट!' हा क्षण दर बैठकीला दोनदा तरी यावा अशा बेताने उतारा निवडायचा असतो.

उतारा निवडायचं माप सोपं आहे. १०० शब्द वाचायला द्या आणि चुका मोजा. पाचांच्या आत असतील तर उतारा योग्य, दहाच्या वर गेल्या तर काढून घ्या. नेटाने झगडत वाचणं कौतुकाचं वाटतं, पण प्रत्येक दहावा शब्द अडला की वाक्याचा अर्थ हातातून जातो आणि नुसती अक्षरांची हमाली उरते.

प्रौढांना शिकवताना दोन-तीन गोष्टी वेगळ्या. लहान मुलांची प्राण्यांची पुस्तकं त्यांच्यापुढे ठेवू नयेत. औषधाची पट्टी, फॉर्म, पाटी, वीजबिल, फोनवरचा संदेश हा त्यांचा अभ्यासक्रम. पाट्या आणि फॉर्म बहुधा मोठ्या लिपीत असतात, म्हणून छोट्या अक्षराबरोबर मोठंही लगेच दाखवावं, जरी धावता मजकूर जवळजवळ सगळा छोट्या लिपीत असला तरी. छापील ए आणि हाताने लिहिलेला ए हे एकच अक्षर आहे हे मुद्दाम सांगावं लागतं, जीचंही तसंच. मोठा आय आणि छोटा एल काही छपाईत हुबेहूब सारखे दिसतात. आणि चाळिशी उलटलेल्या माणसाच्या बाबतीत पहिल्याच दिवशी चष्म्याची चौकशी करावी. जवळचं अंधुक दिसतंय म्हणून सी, ई आणि ओ यांत घोळ होत असेल तर कुठल्याही पद्धतीने तो सुटणार नाही. मजकूर १४-१६ पॉइंटांत छापून द्यावा.

आता आक्षेप. पहिला असा, की शिकवणं ही शासनाची जबाबदारी आहे आणि स्वयंसेवक उभे करून आपण ती झटकायला मदत करतो. आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. स्वयंसेवक शिक्षकाच्या जागी उभा केला, भरती टाळायला वापरला, तर विरोधच व्हायला हवा. मात्र वर केलेला भागाकार कुठल्याही भरतीने सुटत नाही. वर्ग २० मुलांचा झाला तरी एकाच्या वाट्याला २ मिनिटं येतील. शिक्षकाने शिकवावं आणि स्वयंसेवकाने ऐकावं, ही वाटणी दोघांनाही पेलते.

दुसरा आक्षेप भाषेचा. इंग्रजी वाचायला शिकवून आपण मराठीच्या मुळावर तर येत नाही ना? माझ्या मते प्रश्न क्रमाचा आहे. युनेस्कोने १९५३ च्या अहवालातच शिक्षणाची सुरुवात मातृभाषेतून व्हावी असं म्हटलं होतं, आणि वाचनाच्या बाबतीत त्याचा व्यावहारिक अर्थ असा: खुणा म्हणजे आवाज, ही मूळ गोष्ट माणूस एकदाच शिकतो आणि ती आपल्या भाषेत, सरळ लिपीत शिकणं फार सोपं जातं. जो देवनागरीत अडखळतो त्याला इंग्रजीकडे नेणारा स्वयंसेवक त्याचं दुहेरी नुकसान करतो. पहिल्या भेटीत मराठीचा एक परिच्छेद वाचून घ्यावा. तो नीट आला नाही तर इंग्रजीची वही मिटावी आणि आधी तेच काम करावं, समोरचा कितीही नाराज झाला तरी.

तिसरा आक्षेप नवा आहे: फोन आता कुठलाही मजकूर वाचून दाखवतो, भाषांतरही करतो, मग हे कष्ट कशाला? फोन वाचतो ते त्याच्यासमोर धरलेलं. पानभर मजकुरातली कामाची ओळ कोणती, अर्जात सही कुठे करायची, 'हो' आणि 'नाही' या दोन बटणांतलं कुठलं दाबतोय, हे आधी डोळ्याला कळावं लागतं. आणि स्वतःचा वैद्यकीय अहवाल चारचौघांत फोनकडून मोठ्याने वाचून घेणं कुणाला आवडेल? सरावासाठी मात्र फोन उत्तम. घरी एकट्याने वाचताना अडलेल्या शब्दाचा उच्चार तो न कंटाळता विसाव्यांदाही सांगतो.

स्वयंसेवेतला खरा दोष या आक्षेपांत येतच नाही. तो आहे मध्येच सोडून जाणं. ६०-७० जोडण्या, बैठकीला दोन, म्हणजे ३५ बैठका. दर तिसरी-चौथी बैठक उजळणीत जाते, म्हणजे ४५-५०. त्यानंतर वेग यावा म्हणून नुसतं वाचन. देवनागरी वाचणाऱ्या माणसासाठी एकूण ८० तास धरून चालावं. आठवड्याला दोन बैठका घेतल्या तर ४० आठवडे, सुट्ट्या-आजारपणं धरून दहा-अकरा महिने. सुट्टीत तीन आठवडे येऊन, फोटो काढून जाणाऱ्या स्वयंसेवकाने शिकणाऱ्याच्या पदरात सहा अक्षरं आणि आणखी एक अपयश टाकलेलं असतं. पुढचा स्वयंसेवक पुन्हा ए फॉर ॲपलपासून सुरू करतो. अशी चार माणसं येऊन गेली की शिकणारा स्वतःच सांगतो, माझ्या डोक्यात शिरत नाही.

म्हणून हे काम चालवणाऱ्या मंडळांनी 'इतके स्वयंसेवक, इतके लाभार्थी' हे आकडे छापणं सोडावं. एका शिकणाऱ्यामागे दोन स्वयंसेवक नेमावेत, आठवड्याची एकेक बैठक वाटून घ्यावी आणि मध्ये एक वही ठेवावी: तारीख, घेतलेल्या दोन जोडण्या, राहिलेल्या तीन चुका. एवढ्या तीन ओळींवर एक जण गेला तरी दुसरा दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलू शकतो. प्रशिक्षणात इंग्रजी व्याकरण नको. ४४ ध्वनी शेपटाशिवाय म्हणता येणं आणि ५ सेकंद गप्प बसता येणं, या दोनच गोष्टी तपासाव्यात. पदवीधर यात नापास होतात आणि दहावी झालेली माणसं सहज पास होतात.

काम संपलं हे ठरवायचं मापही हवं, नाहीतर बैठका गप्पांत विरघळतात. आधी न पाहिलेला १०० शब्दांचा उतारा द्यावा. चुका पाचांच्या आत असाव्यात आणि त्यातल्या एकदोन तरी शिकणाऱ्याने ओळीच्या शेवटी थबकून, मागे येऊन स्वतः सुधारलेल्या असाव्यात. हे मागे येणं आकड्याहून महत्त्वाचं; त्याचा अर्थ असा की तो आता स्वतःचं वाचन स्वतः ऐकतो आहे. मग बैठक पंधरवड्यावर न्यावी. दोन महिन्यांनी तितकाच अवघड दुसरा उतारा द्यावा. चुका वाढल्या नसतील तर थांबावं. वाढल्या असतील तर त्या बहुधा स्वरांच्या जोड्यांत, ओयू, ओओ आणि ईए यांत सापडतात; पुन्हा सुरुवात तिथूनच करावी.